लग्नाची खतावणी

कार्तिकी पौर्णिमा उलटते, चातुर्मास संपतो, साधू-साध्वीजींचे विहार सुरू होतात आणि आपल्या घरांतून दुसरीच लगबग सुरू होते. दिवाणखान्यातील कपाटावर लग्नपत्रिकांची चळत वाढू लागते. कोणत्या तारखेला कोणी कोणत्या गावी जायचे, याची घरात वाटणी होते. लग्नसराई हा आपल्यातील अनेक पेढ्यांचा कमाईचा काळ. आणि ज्या घरात कार्य असते त्या घराचा तोच सर्वांत मोठ्या खर्चाचा काळ. एकाच गल्ल्यातून दोन्ही बाजूंना पैसा वाहत असतो आणि कोणता प्रवाह जोराचा आहे, हे त्या गडबडीत कळत नाही.

माझ्या नात्यातील एका काकांची तालुक्याच्या गावी कापडाची पेढी आहे. थोरल्या मुलीचे लग्न त्यांनी मार्गशीर्षात थाटाने केले. दोन दिवस, पाच कार्यक्रम, बाराशे पाने. योजलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट खर्च झाला आणि वरचा सगळा पैसा पेढीच्या चालू खात्यातून गेला. त्याचा परिणाम चार महिन्यांनी दिसला. अक्षय्य तृतीयेच्या हंगामासाठी सुरतेचा माल रोखीने उचलण्याची त्यांची कित्येक वर्षांची रीत त्या वर्षी मोडली. माल उधारीवर घ्यावा लागला, रोखीची सवलत गेली, व्याज चढले. ती घडी पुन्हा बसायला तीन वर्षे लागली.

मुलीला हे पुढे भाऊबिजेला माहेरी आली असता मुनीमजींच्या बोलण्यातून कळले. ती वडिलांना म्हणाली, “पप्पा, मला एकदा विचारलं असतं, तर मी अर्ध्यावरच थांबवलं असतं.” काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बेटा, तुला विचारायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.”

काकांनी कोणाची फसवणूक केली नव्हती, कोणी त्यांच्यावर जबरदस्तीही केली नव्हती. ज्यांचे लग्न होते, त्या दोघांना सोडून बाकी सर्वांचे मत मात्र विचारात घेतले गेले होते. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: सभागृहाची पहिली रक्कम भरण्यापूर्वी वधू-वरांनी एकत्र बसून लग्नाचा हिशेब एका पानावर लिहावा आणि तो दोन्ही घरांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावा. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलामुलींना कीर्द-खतावणी परकी नसते. तेच शिक्षण येथे कामी आणायचे आहे.

मर्यादा आधी, खरेदी नंतर

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे परिग्रह-परिमाण. संपत्ती मुळीच नको, असे ते गृहस्थाला सांगत नाही. किती हवी ते आधी ठरव, असे सांगते. त्या व्रताचे मर्म ‘आधी’ या शब्दात आहे. दुकानात शिरल्यावर ठरविलेली मर्यादा ही मर्यादा राहत नाही. लग्नाच्या अंदाजपत्रकालाही हाच नियम लागू पडतो. आकडा ठरवून सभागृह पाहावे. सभागृह आवडल्यावर आकडा जुळवू नये.

त्या पानावर पहिली ओळ पाहुण्यांच्या संख्येची असावी, कारण जेवण, सभागृह, निवास, वाहने, पत्रिका, मिठाईचे डबे ही सारी खाती तिच्यावरच चालतात. एक साधे उदाहरण घेऊ. एका पानाचा दर ७०० रुपये धरला, तर १,२०० पाहुण्यांच्या एका जेवणाचे ८,४०,००० रुपये होतात. ५०० पाहुण्यांचे ३,५०,०००. फरक ४,९०,००० रुपयांचा, तोही एकाच जेवणात. आता हीच रक्कम पेढीत राहिली असती तर? समजा, भांडवल वर्षातून चार वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात आठ टक्के सुटतात. वर्षाला दीड लाखाहून अधिक नफा त्या एका जेवणाबरोबर उठून गेला. हा हिशेब आपण ग्राहकाच्या उधारीबाबत रोज करतो. मांडवाच्या बाबतीत करीत नाही.

पाहुण्यांची यादी कमी करणे व्यापारी घराला जड जाते, कारण आपली निमंत्रणे नुसत्या नात्याची नसतात, व्यवहाराचीही असतात. ज्यांच्याकडे आपण जेवलो, त्यांना बोलावले नाही तर बोल लागतो. यावर एक मार्ग आहे. यादीचे तीन भाग करावेत: ज्यांच्यावाचून कार्य होऊच शकत नाही असे, ज्यांचे आशीर्वाद हवेत पण ज्यांना प्रवास झेपणार नाही असे, आणि ज्यांना केवळ कळविणे पुरेसे आहे असे. दुसऱ्या भागातील वडीलधाऱ्यांकडे विवाहानंतर नवदांपत्याने स्वतः जाऊन पाया पडावे. तिसऱ्या भागातील मंडळींना मिठाईचा डबा आणि हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी पोहोचवावी. गर्दीत हात जोडून गेलेल्या पाहुण्यापेक्षा असा पाहुणा अधिक संतुष्ट असतो.

पैशाविषयी आणखी तीन गोष्टी. लग्नासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे आणि पेढीच्या चालू खात्याला हात लावू नये. एकूण रकमेचा दहावा भाग अकल्पित खर्चासाठी बाजूला ठेवावा. आणि रोखीच्या व्यवहाराबाबत सावध राहावे: आयकर कायद्यानुसार एकाच प्रसंगाच्या निमित्ताने एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. सभागृह, आचारी, सजावट यांची देणी हप्त्यांत तोडून रोखीने दिली, तरी प्रसंग एकच असल्याने हा नियम चुकत नाही. विवाहानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही. परंतु ही सूट वधू-वरांपुरती आहे. आहेराची पाकिटे आई-वडिलांच्या खात्यात भरून टाकण्याची सवय म्हणूनच योग्य नव्हे.

सभागृहाचा करार लेखी घ्यावा. तारीख बदलली तर किती रक्कम परत मिळणार, वीज गेली तर जनित्र कोणाचे, बाहेरचा आचारी चालतो का, स्वच्छतेचे वेगळे पैसे आहेत का, रात्री किती वाजता जागा मोकळी करायची, हे पाच प्रश्न करारात उत्तरांसह असावेत. लाखाचा माल बिलाशिवाय न घेणारे आपण, दोन-तीन लाखांचे सभागृह शब्दावर घेतो आणि मग ऐन कार्यात वाद होतात.

दोघांची बैठक

हे पान लिहिताना वधू-वर ज्या गोष्टी एकमेकांशी बोलतील, त्या खर्चाहून मोठ्या आहेत. साखरपुडा आणि विवाह यांच्यामधील महिने कपडे आणि छायाचित्रे यांत संपतात. काही प्रश्न विचारायचे राहून जातात आणि वर्षभरात घरात उभे राहतात. विवाहानंतर मुलीने नोकरी, व्यवसाय किंवा सनदी लेखापालाचा अभ्यास पुढे चालू ठेवायचा का? मुलगा पेढीवर बसणार असेल, तर त्याला दरमहा स्वतःची ठराविक रक्कम मिळते, की प्रत्येक वेळी वडिलांकडे मागावी लागते? पेढीवर कर्ज किती आहे? कोणी कोणाला जामीन आहे का? हे विचारणे अविश्वासाचे लक्षण नव्हे. भागीदारीत शिरताना ताळेबंद पाहणे ही आपल्या व्यापारातील मूलभूत शिस्त आहे.

आचाराचेही प्रश्न आहेत. एका घरात सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, दुसऱ्या घरात दुकान बंद करून रात्री नऊला पाने वाढतात. एका घरी कंदमूळ वर्ज्य, दुसऱ्या घरी केवळ पर्युषणात वर्ज्य. एक कुटुंब मंदिरमार्गी, दुसरे स्थानकवासी. एक दिगंबर, दुसरे श्वेतांबर. दोन्ही जैनच आहेत, मग अडचण कसली, असे म्हणून हे सोडून देतात. पण स्वयंपाकघर सुनेच्या हाती येते तेव्हा अडचण तिची एकटीची होते. कोण काय पाळणार आणि कोणावर काय लादले जाणार नाही, हे दोघांनी आधीच स्पष्ट बोलावे.

आणखी एक विषय नाजूक असला तरी आवश्यक आहे. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या व्यक्तीला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एका रक्ततपासणीने हे आधी कळू शकते. पत्रिका जुळविताना जेवढा वेळ आपण देतो, त्याच्या दशांश वेळ या तपासणीला पुरतो. ती साखरपुड्यापूर्वी व्हावी आणि दोघांचीही व्हावी.

मुहूर्त आणि सूर्यास्त

रात्रिभोजनाचा त्याग आपण व्याख्यानात ऐकतो आणि लग्नात विसरतो. सायंकाळी सातची पत्रिका, वरात साडेआठला दारात, पाने दहाला. ज्यांना चौविहार आहे ते वडीलधारे उपाशी परततात किंवा कोपऱ्यातल्या टेबलावर एकटे जेवून घेतात. यजमानाने हात जोडून ‘जेवल्याशिवाय जाऊ नका’ म्हणावे आणि जेवायची वेळ मात्र त्यांच्या व्रताबाहेरची ठेवावी, हे आतिथ्य नव्हे.

मुहूर्त ठरविताना पंचांगाबरोबर सूर्यास्ताची वेळही पाहावी. पुण्याच्या परिसरात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. डिसेंबरचे सायंकाळचे स्वागत समारंभ सूर्यास्तापूर्वी आटोपणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून हिवाळ्यात सकाळचा विवाह आणि दुपारचे भोजन हाच सोयीचा क्रम. सकाळच्या फराळाची वेळही नवकारसी पाळणाऱ्यांसाठी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांच्या पुढची असावी. दिवसाच्या विवाहाला रोषणाई लागत नाही, परगावचे पाहुणे उजेडात घरी पोहोचतात आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला असलेल्या कायदेशीर बंदीचा प्रश्नही उद्भवत नाही.

ताटात काय, ताटाबाहेर काय

आपल्या परंपरेत घरोघरी ठाऊक असलेली विवाहकथा ही न झालेल्या विवाहाची आहे. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ वर म्हणून राजीमतीच्या नगराकडे निघाले. वाटेत मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी आला आणि ते माघारी वळले. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात ही कथा येते. ती आपण मुलांना सांगतो, पण आपल्या मांडवाला लावून पाहत नाही. आपल्या जेवणावळीत पशुहत्या नसते हे खरे. तरीही थोडी विचारपूस करावी.

मिठाईवरील चांदीचा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या थरांत ठेवून कुटला जाई. अशा प्राणिजन्य साधनांचा वापर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये नियमाने बंद केला. तरी वर्ख कोठून आणला, हे मिठाईवाल्याला विचारावे, अथवा वर्खच नको म्हणावे. एका रेशमी साडीसाठी हजारो कोष उकळत्या पाण्यात जातात, हे ठाऊक असलेल्या वधूने सुती किंवा अन्य पर्याय निवडला, तर घरातील ज्येष्ठांनी तिच्यामागे उभे राहावे.

आचाऱ्याला ‘जैन जेवण’ एवढेच सांगणे पुरत नाही. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, ओले आले वर्ज्य; बटाट्याऐवजी कच्चे केळे, आल्याऐवजी सुंठ; पाणी गाळलेले, आणि व्रतींसाठी उकळलेले व वेगळे ठेवलेले, असे यादी करून लिहून द्यावे. तयार मसाले आणि चटण्यांच्या पाकिटांवरील घटक आधी वाचून घ्यावेत.

पदार्थांची संख्या हा मानाचा विषय झाला आहे. माणूस जेवतो पाच-सहा पदार्थ. चाळीस मांडले की ताटात एकेक चमचा उष्टा राहतो. पदार्थ बारा ठेवावेत, ते उत्तम करावेत आणि पंगतीने वाढावेत. पंगतीत आग्रह करणारा माणूस असतो, म्हणून टाकणे कमी होते. उरलेले अन्न सूर्यास्तापूर्वी कोणत्या आश्रमात अथवा वसतिगृहात पोहोचवायचे, त्याची जबाबदारी एका भाचा-पुतण्यावर आधीच नेमून द्यावी.

सोने, आहेर आणि यादी

हुंडा हा शब्द आपल्या घरांत आता कोणी उच्चारत नाही. ‘आमची काही मागणी नाही, तुमच्या मुलीला जे द्यायचे ते द्या’, असे म्हणतात आणि मग मध्यस्थामार्फत गाडीचे नाव कळवितात. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे. हुंडा घेणे आणि देणे, दोन्ही गुन्हे आहेत; शिक्षा किमान पाच वर्षे कारावासाची आहे. मागणीशिवाय, प्रेमाने आणि ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटींना कायद्याची हरकत नाही. मात्र त्यांची यादी ठेवायची असते.

ही यादी कशी असावी, याचे नियम १९८५ साली झाले आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी वराने करावी. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे नाते लिहावे. खाली दोघांच्या सह्या असाव्यात. मामांनी मायऱ्यात काय आणले, सासरहून काय चढविले, हे सगळे त्यात येते. गल्ल्यातल्या दहा रुपयांची नोंद ठेवणाऱ्या घरांत ही यादी सहसा का केली जात नाही, याचा विचार व्हावा. ती भांडणासाठी नसते. तिच्यामुळे पुढची भांडणे टळतात.

वधूला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन आहे आणि त्यावर तिचाच संपूर्ण हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हे स्पष्ट केले आणि नंतरही वेळोवेळी सांगितले. हंगामात भांडवल कमी पडले की सुनेचे सोने तारण ठेवण्याची सवय काही पेढ्यांना आहे. तिने स्वखुशीने दिले तर गोष्ट निराळी. पण मग ती रक्कम तिच्या नावे जमा दाखवावी आणि फेडीची तारीख लिहावी, जशी कोणत्याही सावकाराची लिहितो. दागिने घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक पाहावा, बिल वधूच्या नावे घ्यावे आणि त्याची प्रत यादीबरोबर ठेवावी.

विधी आणि नोंदणी

जैनांच्या विवाहाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. त्यानुसार विवाह वधू किंवा वर यांच्या रूढ विधींनी झाला पाहिजे. छायाचित्रकाराच्या सोयीसाठी विधी आटोपते घेणे, हा अलीकडचा प्रकार म्हणूनच दुहेरी चुकीचा आहे. केवळ नोंदणीच्या कागदाने, विधींवाचून, असा विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. फेऱ्यांचा अर्थ पंडितजींकडून आधीच समजून घ्यावा, म्हणजे त्या वेळी आपण कशाला होकार देत आहोत, हे दोघांनाही कळेल.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करावी लागते. पती, पत्नी आणि तीन साक्षीदार यांनी निबंधकासमोर उपस्थित राहायचे असते. साक्षीदार मांडवातच ठरवून ठेवावेत. पुढे पारपत्र, बँक, विमा, सर्वत्र हा दाखला लागतो. नाव बदलायचे की नाही, हा निर्णय मुलीचा असावा आणि तो नोंदणीपूर्वी झालेला असावा.

पान मिटविताना

सुरुवातीला ज्या काकांचा उल्लेख केला, त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न चार वर्षांनी ठरले. त्या वर्षी ज्ञानपंचमीला पेढीवर वह्यांचे पूजन झाल्यावर ती आणि तिचा भावी पती गादीवर समोरासमोर बसले आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखले. पाहुणे साडेचारशे. दिवस एक. भोजन दुपारी बाराला. वराचे वडील आधी नाराज झाले. “आमची शंभर वर्षांची पेढी आहे, गिऱ्हाइकांना काय सांगू?” असे त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, “त्यांना नंतर एक दिवस पेढीवर बोलवू. मी स्वतः चहा-फराळ देईन, आणि तुमच्या सुनेची ओळख करून देईन.” थोडी वाद-चर्चा झाली, साडेचारशेचे पाचशे झाले आणि दोन्ही वडिलांनी पानाखाली सही केली.

माघात विवाह झाला. आठव्या दिवशी मांडववाला, आचारी, वाढपी, फुलवाला, बँडवाला या सर्वांची देणी चुकती झाली. हे विसरू नये: आपल्या कार्यात जे हात राबतात, त्यांच्या घरची चूल त्याच पैशावर असते, आणि ‘पाहू, दोन महिन्यांनी’ हे शब्द त्यांना ऐकविणे श्रावकाला शोभत नाही. देणी संपल्यावर मुलीने तेरीज काढली. योजलेल्या रकमेपेक्षा अकरा हजार कमी लागले होते. ते दोघांनी पांजरपोळाला दिले.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेचा माल काकांनी रोखीने आणला. वही पेढीच्या कपाटात ठेवली आहे. घरात पुढचे लग्न तिच्या लहान भावाचे आहे. त्याने ती मागून घेतली आहे आणि होणाऱ्या वधूला दाखवायला नेली आहे.